पहिलीच्या अक्षरांवरचा माझा संशय

आदरणीय कुसुम ढमालेबाईंच्या एकसष्टीनिमित्त मी लिहावे, याचा मला थोडा संकोच वाटतो. कारण त्यांची माझी पहिली ओळख झाली ती एका तक्रार अर्जामुळे. मी तेव्हा मुळशीत नवा केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा; आणि स्वभावाने संशयी.

भरे गावाजवळच्या एका वाडीवर बाई पहिलीला शिकवीत. मुलांनी मनातले लिहावे, चुकले तरी चालेल, असा त्यांचा आग्रह. ते कागद त्या भिंतीवर लावीत. त्यात स्वरा नावाच्या मुलीने लिहिले होते : ‘बाबा वावर इकनार हाय. आजी जेवली न्हाई.’

स्वराच्या चुलत्यांपासून लपवलेला जमिनीचा व्यवहार वाडीभर झाला. तिचे वडील अर्ज घेऊन तणतणत माझ्याकडे आले. “सहा वर्साची पोर असं लिवतीया व्हय? बाईनंच लिवून घेतलंय. भावकीची फूस हाय तिला!”

मलाही ते पटले. कागदांवरच्या चुकासुद्धा मला मुद्दाम पेरलेल्या वाटल्या.

न कळवता, वडिलांना घेऊन मी शाळेत गेलो. बाईंना व्हरांड्यात थांबायला सांगितले. त्या बाहेर गेल्या. मी स्वराला कोरा कागद दिला. “लिही, तुला वाटेल ते.”

“खरं लिवू?”

“खरंच लिही.”

तिने दोनदा दाराकडे बघितले, तेव्हा बाहेरून खूण होत असेल म्हणून मी दारही लोटून घेतले. बराच वेळ गेला. मग तिने कागद पुढे केला : ‘सायेबानी बाईना भायेर उब केल. बाईनी काय न्हाई केल. बाबा खाली बगतोय.’

वडील खरोखरच खाली बघत होते. मी दार उघडले.

मी काही बोलण्याआधीच बाई वडिलांना म्हणाल्या, “लिहिलं तिनंच. पण घरातलं होतं, मी भिंतीवर लावायला नको होतं. ती चूक माझी.” त्यांनी पहिला कागद काढून वडिलांच्या हाती दिला. तक्रार मागे घेतली गेली. जमीन मात्र विकली गेलीच.

त्यानंतर बाई प्रत्येक मुलाला विचारू लागल्या, “हे भिंतीवर लावू, की तुझ्यापाशी ठेवशील?”

मी लगेच सुधारलो असे नाही. वर्षभर निमित्ते काढून तपासायला जात राहिलो. का आलात, असे बाईंनी एकदाही विचारले नाही. चहा देत आणि म्हणत, “साहेब, तुम्हीही लिहा.” एकदा मी माझ्या वडिलांविषयी दोन ओळी लिहिल्या. “लावू का भिंतीवर?” बाईंनी विचारले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कागद न वाचता, घडी घालून मला परत दिला. माझा संशय त्या दिवशी खऱ्या अर्थाने संपला.

निवृत्तीनंतरही बाई कासार आंबोलीच्या अंगणवाडीत जातात, मुलांशेजारी जमिनीवर बसतात. त्यांचे गुडघे त्यांना अशीच साथ देवोत, नजर लख्ख राहो. आणि त्यांनी लिहिती केलेली मुले आपली मुले घेऊन येतील, तेव्हा त्यांचेही पहिले वाक्य बाईंच्या शेजारी बसून उतरो, एवढे आयुष्य त्यांना लाभो.