चार डिस्क आणि तात्या

तात्या गेल्याचं मला इंदापूरच्या एसटीत कळलं. शेजारच्या बाई त्यांच्याच गावच्या. सहज म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजातलं कॉम्प्युटरवालं तात्या... परवा गेलं की." त्याला आता महिना झाला. मला लिहायची सवय नाही, पण हे लिहायलाच हवं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. "एक जरी तक्रार आली तरी घरी," असं वडिलांनी बजावलं होतं. त्यामुळे संगणकाला हात लावायचीही भीती वाटायची. प्रयोगशाळा सांभाळणारे तात्या म्हणायचे, "चावत न्हाय गं ते."

सर्व्हरच्या पेटीत चार हार्डडिस्क होत्या. कंट्रोलर नावाचं कार्ड त्यांना एकत्र धरून त्या जागेचे तीन भाग पाडायचं. पुस्तकात त्यांना लॉजिकल व्हॉल्यूम म्हटलेलं. मला काही केल्या कळेना. तात्या म्हणाले, "रान एकच, पोटहिस्से तीन. बांध रानात न्हाय, कागदावर हाय." तेव्हा कळलं.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीची पूजा माझ्याकडे आली. घरी विळे-खुरपी घासून पूजतात, तशा मी यंत्र बंद करून चारही डिस्क काढल्या, पुसल्या, ओळीत मांडून हळदीकुंकू वाहिलं आणि परत बसवल्या. कोणती कुठल्या खणातली, ते पाहिलंच नाही. दसऱ्यानंतर यंत्र सुरू केलं तर तिन्ही व्हॉल्यूम गायब! शेवटच्या वर्षाचे सगळे प्रकल्प त्यातच होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. पडद्यावर प्रश्न आला होता, नवे व्हॉल्यूम बनवायचे का? 'हो' म्हटलं की सगळं परत येईल, असं मला वाटलं.

"हात मागं घे!" तात्या दारातूनच ओरडले. "नव्यानं हिस्सं पाडलं की उभं पीक नांगराखाली. काय केलंस तू परवा?"

मी रडत सांगितलं. तात्या हसायलाच लागले. "कुंकवाचा राग न्हाय त्याला. जागा बदलल्याचा हाय."

चार डिस्क, म्हणजे चोवीस क्रम. यंत्र बंद करायचं, डिस्क बदलायच्या, सुरू करायचं, प्रश्न आला की 'नाही' म्हणायचं... तात्यांनी भाकरीही उभ्यानेच खाल्ली. सतराव्या खेपेला तिन्ही व्हॉल्यूम दिसले. सगळे प्रकल्प जसेच्या तसे. "जा आता, तोंड धू," एवढंच ते म्हणाले.

प्राचार्यांना त्यांनी काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "खंडेनवमीला आपणच डिस्क चुकीच्या बसवल्या, हे तात्यांनी स्वतः येऊन कबूल केलं. असा प्रामाणिक माणूस." मी उठायला हवं होतं. उठले नाही.

चार दिवसांनी तात्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठावं हाय की. त्या दिवशी घरी आलं ते हसतच. म्हणालं, आज एका पोरीचं कॉलेज वाचलं."

काल प्राचार्यांना भेटून सांगितलं, "सर, त्या डिस्क मी काढल्या होत्या." ते म्हणाले, "म्हणजे तात्या माझ्याशी खोटं बोलले... बरं केलं त्यांनी."

तिथून मी प्रयोगशाळेत गेले. चारही खणांवर चिकटपट्टी आहे, तिच्यावर तात्यांच्या ठसठशीत अक्षरात आकडे. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन... खाली, बारीक अक्षरात: 'पूजा जागेवरच करावी.'