नकाशातली मोकळी जागा

मी माझ्या आईला नकाशातून काढून टाकलं. रागानं नाही, भांडणानं नाही. नकाशा दिसायला बरा दिसावा म्हणून. आणि मग तोच नकाशा फ्रेम करून तिच्याच घरी पाठवला, भिंतीला लावायला.

एवढी अक्कल कुठून मिळवली हे सांगायचं तर घरून निघालो त्या सकाळपासून सांगावं लागेल. तेव्हा मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात आंब्याच्या पेट्यांची लेबलं करायचो. प्रत्येक बागायतदाराला पिवळाधमक हापूस, त्याला दोन हिरवी पानं आणि मागे समुद्र हवा असे, आणि वर ‘शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसलं पाहिजे’ ही अट. मी पानांची संख्या बदलून देई. तीन पानं आली की बागायतदार खूश. मला मात्र वाटे, एक मोठा कलाकार इथे कुजतोय. मग पुण्यातल्या एका कंपनीनं नकाशे करायला बोलावलं, आणि माझी खात्रीच पटली.

निघायच्या दिवशी आमच्या वाडीपासून तिठ्यापर्यंत बाबांनी माझी बॅग डोक्यावरून आणली. बॅगेला चाकं होती. चाकं सड्यावरच्या, म्हणजे आमच्या उघड्या पठारावरच्या, जांभ्या दगडात चालत नाहीत, हे मी ती विकत घेताना लक्षात घेतलं नव्हतं, आणि नकाशे करायला निघालो होतो. आईनं कुळथाचं पीठ आणि आमसुलं दिली. गाडी दिसली तेव्हा बाबा बोलले, “लांब गेला म्हंजे मानूस शाना होतो असं नाय हां.” कधी चिपळूणच्या पुढे न गेलेल्या माणसाचा हा मत्सर आहे, असं मी मनात ठरवलं आणि खिडकीत बसलो. खास पुण्यासाठी घेतलेल्या नव्या बुटांनी चिपळूण यायच्या आत माझ्या दोन्ही टाचा सोलल्या. त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं, आणि आता तर ते देता येण्यासारखंही उरलेलं नाही.

पुण्यात मी जे शिकलो त्याला ‘इंटरॅक्टिव्ह डेटा व्हिज्युअलायझेशन’ म्हणतात. म्हणजे जी गोष्ट कागदावर तीन ओळींत सांगून संपते, ती रंगीत करायची, हलती करायची आणि तिच्यावर बोट ठेवलं की तिनं एक चौकोन उघडून तीच गोष्ट पुन्हा सांगायची. लोक बोट ठेवतात, चौकोन उघडतो, ते समाधानानं मान हलवतात. आमच्या बॉसचा लाडका शब्द ‘क्लीन’. नकाशा क्लीन पाहिजे, मोकळी जागा पाहिजे, बघणाऱ्याच्या डोळ्याला त्रास नको. त्यानं स्वतःच्या टेबलावरसुद्धा काही ठेवलेलं नव्हतं, कामही.

मी पटकन पुणेरी झालो. सहा महिन्यांत बोलण्यातला हेल गेला. फोनवर मी ‘हो का? बरं’ असं काही म्हटलं की आई विचारी, “रागावलास काय?” ऑफिसातल्यांना रत्नागिरी हे गाव आहे असं वाटतच नसे, ते एक फळ होतं. दर एप्रिलला माझ्याविषयी त्यांच्या मनात जिव्हाळा दाटून येई आणि जूनमध्ये तो उतरे. मला त्यांचा तिरस्कार वाटायचा, आणि मी पेट्या आणून द्यायचो.

पण माझ्यासारखे गेलेले जे तुम्ही हे वाचताय, तुम्हीही फार हसू नका. आपण गणपतीला जातो, शिमग्याला जातो. कुलूप काढतो, घरातले सगळे दिवे लावतो, नेटवर्कला शिव्या देतो, वर्षभर तिथे राहणाऱ्यांना गाव कसं सुधारावं ते समजावतो, आणि कुलूप लावून परत येतो. पालखी दारात नाचली की डोळे पुसतो. रस्त्याला लागेपर्यंत ते सुकलेले असतात.

असो. एक संस्था आमच्याकडे आली. खेडोपाडी फिरत्या दवाखान्याच्या गाड्या चालवणारी. आमच्या तिठ्यावरही तिची गाडी दर मंगळवारी यायची. आईला साखर. डाव्या पायाच्या करंगळीशी एक जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. गाडीतली नर्सबाई ती धुऊन, पट्टी बांधून द्यायची. पाय राहायचा तर ही पट्टी चुकता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. संस्थेला आता नव्यानं सगळ्या गाड्यांचे रस्ते ठरवायचे होते आणि त्यासाठी माणसं कुठे राहतात याचा नकाशा हवा होता. आपल्या जिल्ह्याचं काम म्हणून मी ते हौसेनं मागून घेतलं.

कुठल्या वस्तीत वर्षभर किती वीज वापरली जाते, त्यावरून माणसं मोजायची होती. आमच्याकडच्या गावांचे आलेख उघडले तर वर्षभर जमिनीला चिकटलेली रेघ आणि मध्येच दोन उंच सुळके. टीममधल्या पोरांना काही कळेना. मी खुर्ची मागे सरकवली आणि कोकणातला तज्ज्ञ म्हणून बोललो, “हा गणपती. हा शिमगा. हे चाकरमानी, इथे राहत नाहीत. हे नुसतं नॉइज आहे, उडवून टाका.” सगळे प्रभावित झाले. इतके की आपण स्वतः कोणत्या सुळक्यात बसतो, हे मलाही सुचलं नाही.

सुळके उडवल्यावर उरले बारीक बारीक ठिपके. दोन घरं इथे, पाच तिथे. सड्यावर माश्या बसल्यासारखा नकाशा दिसायला लागला. मग मी एक नियम घातला: लहान ठिपके नकाशा झूम केल्यावरच दिसतील. क्षणात सगळं स्वच्छ. निळी खाडी, फिक्कट बदामी सडा, आरे-वारेच्या वाळूच्या दोन पुळणी दोन सोनेरी कोयत्यांसारख्या. बॉस उभा राहून टाळ्या वाजवता झाला. मी कंपनीच्या खर्चानं त्याची मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि घरी पाठवली.

“मिळाला का?” मी फोनवर विचारलं.

“मिळाला. लावला.”

“कसा आहे?”

“मोठा हाय,” आई म्हणाली.

पुढे काही आठवड्यांनी बोलता बोलता तिनंच सांगितलं, “गाडी येत नाय रे हल्ली.” का, तर “काय म्हायत. इसरले असतील.” आणि पाय? “हाय, बरा हाय.” आमच्याकडे ‘बरा हाय’ याचा अर्थ बरा नाही. एवढं मराठी मी अजून विसरलो नव्हतो. माझं डोकं फिरलं. त्या संस्थेचा नंबर काढला आणि रस्ते बघणाऱ्या मॅडमना धरलं.

“तुमच्याकडे कोणी डोकं वापरतं का? म्हातारी माणसं राहतात तिथे. एवढंही ज्याला दिसत नाही त्याला रस्ते ठरवायला बसवलं कुणी?”

“सर, वाडीचं नाव सांगता?”

सांगितलं. बटणं वाजली.

“सर, तिथे वस्ती नाहीये.”

“मॅडम, मी तिथे जन्मलोय.”

“असेल सर. पण नकाशात मोकळी जागा आहे. आम्ही नकाशाप्रमाणे जातो.”

“कुठला दिवटा नकाशा?”

त्यांनी आमच्या कंपनीचं नाव घेतलं. वर म्हणाल्या, “खूप सुंदर आहे सर. आम्ही भिंतीवर लावलाय.”

मी खुर्ची पुढे ओढली. मग बारीक आवाजात म्हटलं, “जरा झूम करून बघता?”

“अय्या,” मॅडम म्हणाल्या. “आले की सर ठिपके.”

नियम काढायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण बॉसला मी सांगितलं की क्लायंटनं बदल मागितलाय. तो हळहळला, लुक गेला म्हणाला. आणि संस्थेला रस्ता बदलायला समितीची बैठक लागत होती, बैठकीला अध्यक्ष लागत होते आणि अध्यक्ष परदेशी होते. तोवर वाडीतला माझा चुलतभाऊ बाळूदादा आपल्या रिक्षानं आईला रत्नागिरीत पट्टीला नेत होता. त्याला भाडं असलं की आई घरीच हळद लावून फडकं बांधत होती आणि मला ‘बरा हाय’ सांगत होती.

एका दुपारी बाळूदादाचा फोन आला. “सुन्या, काकीची करंगळी काढली. काळी पडलेली. पाय वाचला. तू धावत येऊ नको, कालपासून गाडी चालू झालीय.”

मी गेलो. स्टेशनवर तो रिक्षा घेऊन उभा होता. मला बघून विचारात पडला.

“आज काय हाय रे?”

“काही नाही.”

“मग आलास कसा?”

घरी आई पाय उशीवर ठेवून तांदूळ निवडत होती. “एवढंसं बोट,” ती म्हणाली, “त्यानं मी काय लिवत होते काय?” समोर भिंतीवर माझा नकाशा. खाडी, सडा, सोनेरी कोयते. आणि आमची वाडी जिथे असायला हवी तिथे उत्तम दर्जाची मोकळी जागा.

“दादा,” मी विचारलं, “यात आपली वाडी नाही हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. सगळी वाडी बघून गेली. सगळ्यांनी बोटं लावून शोधली. नाय.”

“मग बोलला का नाहीत?”

बाळूदादानं आईकडे बघितलं. मग म्हणाला, “आमाला वाटलं तू मुद्दाम काढलीस. पुण्यात लाज वाटत असेल.”

नव्हती वाटत लाज, असं म्हणायला तोंड उघडलं आणि ‘हो का? बरं’ आठवलं.

घर म्हणजे काय, हे आपण गेलेली माणसं फार सुंदर बोलतो. मला आता एवढंच कळतं: घर म्हणजे ती जागा, जिथला आलेख तुमच्याशिवाय सपाट चालू असतो, आणि तुम्ही तिथे गेलात की तेवढ्यापुरता सुळका येतो. तो सुळका पुसून टाकायला मीच सांगितलं होतं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत बरोबर निघालेला तेवढा एकच निष्कर्ष.

दुसऱ्या दिवशी मी सोबत आणलेला नवा नकाशा काढला. ही फ्रेम माझ्या पैशांची, म्हणून आकारानं निम्मी. पण सगळे ठिपके होते, माश्यांसारखे. आईनं तो लांब धरला, डोळे बारीक केले, बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. “हे आपण?”

“हो.”

“बरा हाय.”

मी स्टुलावर चढलो आणि जुन्या नकाशाला हात घातला.

“तो नको काढू,” आई म्हणाली.

“आये, तो चुकलेला आहे.”

“असुंदे. त्याच्या मागं भिंतीला ओल आलीय. बरोबर झाकतो तो.”

“मग हा कुठे लावू?”

तिनं तांदळाचं सूप मांडीवर ओढलं. “ह्याला कशाला लावतोस? ओल एकाच जागी हाय.”