पार्कातला नवरा, ठाण्यातला नवरा

लातूर रस्त्यावरच्या एका मनोरंजन पार्कने आपल्याच गिऱ्हाइकांना फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझे डोके तापते, आणि तापल्या डोक्याचा माणूस मूळ मुद्दा विसरतो. नावे कोणाचीच घेणार नाही.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती. तिशीतली एक बाई तरातरा आत आली आणि तिने ठाणे अंमलदारासमोर मोबाइल आपटला.

"साहेब, नवरा हरवलाय माझा."

"कधीपासून?"

"हरवला म्हंजे सापडलाय. हे बघा. तिकडं धमाल करून राहिलाय!"

नवरा किनवटकडच्या एका आश्रमशाळेत आचारी होता. तिथे जंगलात फोनला रेंज नाही. सुट्टी मिळत नाही, असे तो बायकोला सांगत असे. पण दर दोन-चार दिवसांनी त्याच्या सोशल मीडियाच्या खात्यावर त्या पार्कचे लोकेशन झळकायचे आणि खाली लिहिलेले असायचे, 'कुटुंबासह धमाल करत आहे'.

"कुटुंबासह म्हणं!" बाई कडाडली. "मी हितं, लेकरू हितं. मग तिकडं कोणतं कुटुंब हाय?"

रविवारी तिचे भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होते, कायमची. शिलाई मशीनसुद्धा बांधून ठेवली होती. म्हणजे आमच्या हातात रविवारपर्यंतचा वेळ होता.

स्टेशन डायरीला नोंद करून मी किनवटला निरोप धाडला. तिथला शिपाई शाळेत गेला, तर हा गडी वरणाच्या पातेल्यापुढे घामाने निथळत उभा. मुख्याध्यापकांनी जबाब दिला, की दिवाळीनंतर हा माणूस वसतिगृह सोडून कुठे गेलेला नाही. मी त्याला रजा मिळवून बोलावून घेतले. ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवले, मुख्याध्यापकांचा जबाब वाचून दाखवला.

"मास्तर त्यांच्याच हातचं खातो," बाई म्हणाली. "तो दुसरं काय सांगल?"

"अगं, आईची शपथ..."

"सासूबाईला मधी आणू नका. फोन काय खोटं बोलतो व्हय?"

नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराला आपली माणसे दहा प्रश्न विचारतात, फोनला एकही विचारत नाहीत.

खबर मिळाली ती माझ्याच हवालदाराकडून. दुपारी चहा पिताना तो हळूच म्हणाला, "साहेब, आमचे सासरे बी काल त्याच पार्कात होते म्हणं. फोन सांगून राहिला."

"मग? म्हाताऱ्यानं मजा करू नये का?"

"त्यांना जाऊन वर्ष होत आलं, साहेब."

माझा कप हातातच राहिला. हवालदार खाली मान घालून म्हणाला, "सासूबाई सकाळपासून लुगडं बदलून बसल्यात. म्हणतात, दिसून राहिलेत तर मला एकदा नेऊन दाखव."

त्याच संध्याकाळी साध्या कपड्यांत, बायकोला घेऊन मी पार्कात गेलो. दारातच पाटी होती: लोकेशन टाका, बर्फाचा गोळा फुकट. खिडकीतला पोरगेला माणूस म्हणाला, "नेट संपलं असेल तर आमच्या टॅबवर लॉगिन करा काका." फुकटाला आपल्याकडे कोण नाही म्हणतो? मी पासवर्ड टाकला आणि म्हणालो, "आम्ही दोघं आहोत, गोळे दोन दे." तो म्हणाला, एका खात्याला एकच. मी घासाघीस करून दुसरा काढलाच. मंडळी म्हणाल्या, "आवो, गोळ्यासाठी बी भाव करता? लाज आणली!" पण कालाखट्टा शेवटपर्यंत चोखला.

दोन दिवसांनी मी जत्रेच्या बंदोबस्ताला भर उन्हात उभा होतो. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. "बंदोबस्त सोडून पार्कात काय करताय? कुटुंबासह?" माझ्या खात्यावरही धमाल सुरू झाली होती. लेखी खुलासा मागवला गेला. माझा जीव जळला, पण हाती पुरावा आला.

रविवारी मी पार्कच्या मॅनेजरला टॅबसह ठाण्यात बोलावले. बाहेरच्या बाकावर किनवटहून पुन्हा बोलावलेला आचारी, त्याची बायको आणि तिचे दोन भाऊ. भावांनी टेम्पोही आणला होता.

मॅनेजर शिकलेला, गोड बोलणारा. "सर, लोक स्वतःच लोकेशन टाकतात. आम्ही फक्त ग्राहकांना जोडून घेतो."

माझे वडील देवणीच्या बाजारात बैलांची दलाली करत. रुमालाखाली बोटे धरून सौदा कसा करायचा, हे मी शाळेच्या आधी शिकलो. त्यातली पहिली रीत अशी, की आकडा असा सांगावा की समोरच्याने तो पाडल्याशिवाय राहूच नये.

मी फाइल मिटली. "रोज पाचशे माणसांची खोटी लोकेशनं टाकतोस तू."

"पाचशे?" तो उसळला. "काहीतरीच काय सर!"

"बरं, तीनशे."

"अहो, तीनशे कुठले! मंदीच्या दिवशी दहा-वीस. ते पण जुनीच गिऱ्हाइकं!"

बोलून झाल्यावर त्याला कळले की सौदा झाला. आपल्या मुलखात चढा भाव ऐकून गप्प बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मग सगळे बाहेर आले. टॅबवर लोक लॉगिन करून जात, बंद कोणी करत नसे. पार्क ओस पडले की त्यांच्याच खात्यांवरून गर्दी दाखवायची. गर्दी दिसली की गर्दी येते.

मी सगळ्यांना आत बोलावले. आचाऱ्याला बायकोशेजारी बसवले आणि मॅनेजरला म्हणालो, "टाक आता याचं लोकेशन."

त्याने बोट टेकवले. बाईच्या हातातला मोबाइल वाजला. नवरा पार्कात कुटुंबासह धमाल करत होता. तिने फोनकडे पाहिले, मग शेजारी पाहिले. आचारी घाबरून तिच्याकडे बघत होता, कपाळावर प्रवासाची धूळ तशीच.

"दिवाळीत गोळा खाल्ला होता तवाचं हाय का हे?" तिने विचारले.

"तूच म्हणालीस, फुकट हाय, टाका की," तो पुटपुटला.

मग तिने पदराने त्याचे कपाळ पुसले, जरा जोरातच, आणि मला म्हणाली, "साहेब, तिकडचा तिकडंच धमाल करू द्या. हितला मी घरी नेते."

भावांचा टेम्पो रिकामा गेला. नाही, रिकामा नाही. त्यात बहीण-मेहुणे बसून घरी गेले.

माझी तक्रार यापुढची आहे. मी रीतसर तक्रारी नोंदवायला बसलो, तर पार्कने फसलेल्यांना वर्षभराचे पास वाटले. एकेक तक्रारदार सौदा करून माघारी गेला. घासाघीस मीही करतो, पण आपल्या नावाची करत नाही. मॅनेजरची नोकरी गेली आणि पाटी तेवढी बदलली. मालक एकदाही ठाण्याची पायरी चढला नाही. माझा खुलासा अजून सेवापुस्तकात आहे.

त्या प्रकरणाने मला शिकवले, की माणूस कुठे आहे हे त्याच्या माणसांनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावे. पण हवालदाराच्या सासूला बघायला तोंडही उरले नव्हते. नवरा तिथे नव्हताच, हे कळल्यावर ती म्हातारी मुकाट उठली आणि तिने लुगडे घडी करून ठेवले. मालकसाहेब, पास कोणालाही द्या. आधी त्या माउलीच्या दारात या, तिच्यासमोर बसा, आणि तिचा माणूस त्या दिवशी तुमच्या पार्कात कसा होता, ते तिला सांगा.