पोटशुळाच्या जाहिरातीतले आजोबा

आमच्या घरात आजोबांचा फोटो नव्हता, याला कारण एक औषध. आईचे वडील चांदवडजवळच्या खेड्यात शेती करायचे. त्यांना पोटशुळाचा जुना त्रास होता. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून त्यांनी टपालाने एक पूड मागवली आणि त्यांना गुण आला. त्या काळची माणसं गुण आला की गप्प बसत नसत. आजोबांनी कंपनीला तसं कळवलं. कंपनीचं उलट उत्तर आलं, की आपला अनुभव फोटोसह छापू. मग आजोबा सर्व्हिस मोटारीने नाशिकला आले, स्टुडिओत टोपी सरळ करून बसले आणि आयुष्यातला पहिला फोटो काढून घेतला. प्रत एकच होती. ती कंपनीकडे गेली ती गेलीच. आजी कुरकुरली तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरा काढू, तुम्हा मायलेकींना घेऊन." पुढचं वर्ष काही त्यांना मिळालं नाही. तापाने गेले. पोट शेवटपर्यंत ठणठणीत होतं, त्यामुळे कंपनीला बोल लावता येत नाही. आई तेव्हा रांगत होती.

हे सगळं आजीने आईला सांगितलेलं आणि आईने मला. गावात पेपर एकच यायचा, शाळेच्या मास्तरांकडे. आजोबा छापून आले तेव्हा तो गावभर हातोहात फिरला आणि त्या फिरण्यातच, आजीच्या हाती येण्याआधीच, फाटून गेला. आई एकुलती एक. बाप कसा दिसत होता हे तिला सांगणारं आजीशिवाय कुणी नव्हतं, आणि आजीचं वर्णन एका वाक्याचं होतं, "चांगले होते दिसायला."

आईचा औषधांवरचा विश्वास बहुधा तिथूनच आला असावा. आमचं बालपण सातपूरच्या कॉलनीत गेलं. वडील कारखान्यात पाळीवर, आणि दारापुढे हातभर जागा, तिच्यात तुळस आणि अडुळसा. खोकला झाला की शेजारणी आपापल्या पोरांना वाटीतून काढा पाजायच्या. आईचा काढा तोच, पण देण्याची तऱ्हा वेगळी. दवाखान्याच्या जुन्या बाटल्या तिने जपून ठेवल्या होत्या, डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेल्या. अडुळसा उकळून, गाळून ती त्या बाटलीत भरायची, बूच लावायची, गदागदा हलवायची आणि एक-एक खूण मोजून द्यायची. वाटीतला काढा आम्ही मोरीत ओतला असता. बाटलीतला निमूट प्यायचो. बाटलीवर नाव कुठल्यातरी डॉक्टरांचं आणि आत आमच्या दारातला पाला, पण खोकला जायचा खरा.

फडताळात अंथरायला ती जुने पेपर घ्यायची, आणि अंथरण्याआधी त्यातल्या जाहिराती वाचायची. बातम्या शिळ्या होतात, दुखणी होत नाहीत, असं तिचं म्हणणं. केसांची तेलं, दंतमंजनं, बाळंतकाढे, मुलांची गुटी, थंडीतापाच्या गोळ्या, सगळं मोठ्याने. 'निराश होऊ नका' हे ती अशा आवाजात वाचायची की आम्ही उगाचच सावरून बसायचो. काही जाहिराती मात्र मनातल्या मनात वाचून पान उलटायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "पोटाचं हाय काहीतरी." पुढे मोठं झाल्यावर कळलं, ते पोटाचं नव्हतं. आणि जाहिरातीत एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाचा चेहरा असला, तर त्यावर बोट ठेवून ती जरा वेळ थांबायची. त्या पेपरात तिचे वडील असणं शक्यच नव्हतं. तरी थांबायची. ते दिवस आठवले की अजून नाकात रद्दीचा आणि अडुळशाचा एकत्र वास येतो, आणि ती दुपार परत हवीशी वाटते.

मी स्वतः सातपूरलाच एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर जन्म काढला. स्विचचे भाग भिंगाखाली धरायचे, ओरखडा दिसला की लाल पेटीत. त्या नोकरीने माझा स्वभाव बिघडवला असं घरचे म्हणतात. लग्नाला गेले तरी मला आधी मांडवाची वाकडी कमान दिसते. त्यामुळे जाहिरातींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तीन बाटल्यांत दहा वर्षांचं दुखणं पळतं म्हणे!

मी निवृत्त झाले आणि आईने ऐंशी ओलांडली. एकदा पाय चेपून घेता घेता ती म्हणाली, "मरायच्या आधी एकदा बाबांचं तोंड बघायचं होतं गं. वर गेल्यावर ओळखू कसं?"

हसून सोडून देण्यासारखं बोलणं होतं. मला सोडता आलं नाही.

शहरातल्या एका जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत. मी तिथे जायला लागले. पानं इतकी ठिसूळ की उलटताना श्वास रोखावा लागे. महायुद्ध, भाववाढ, सभा यांच्या शेजारी अख्खा महाराष्ट्र खोकत होता, खाजवत होता, केस गळून हवालदिल होता. जाहिरात वाचली की वाटायचं, अरेच्चा, हे तर मलाही होतंय. माझा विश्वास नव्हता ना? तरी घरी येऊन मी दोनदा ओव्याची फक्की मारली.

आणि एका दुपारी आजोबा सापडले. पानाच्या तळाशी, एका गोल चौकटीत. काळी टोपी, भरघोस मिशा, बाहेर आलेले कान. खाली त्यांचं पूर्ण नाव, गाव, तालुका चांदवड, आणि मजकूर: पोटशुळाने हैराण होतो, आपल्या पुडीने नवा जन्म मिळाला. मोबाइलवर फोटो काढला तो हलला, पुन्हा काढला.

घरी आईने भिंग घेतलं. मग स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाली, "कान माझे हायेत." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि माझ्याही.

स्टुडिओवाल्याने मोठी प्रत काढून दिली. "कोट घालू का काकू त्यांना? टायसुद्धा बसवतो," असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. फ्रेम आली, चंदनाचा हार आला. गावाकडचे आईचे लांबचे चुलत भाऊ बघायला आले आणि म्हणाले, "आमच्या थोरल्या काकांचंच नाक, लय सारखेपणा हाय." आई रोज सकाळी चहाचा पहिला कप फोटोपुढे धरायची आणि म्हणायची, "बाबा, चहा." एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणालातरी बाबा म्हणायला मिळत होतं. ते ऐकताना मला आपण काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मोठ्या प्रतीत उजव्या गालावर एक पांढरा ओरखडा दिसत होता, आणि ओरखडा सहन करणं माझ्या रक्तात नाही. जाहिराती पुन्हा पुन्हा छापायचे, तेव्हा एखादी स्वच्छ प्रत असेलच, असं म्हणून मी परत वाचनालयात गेले. पुढच्या फायली पाहिल्या, मग मागच्या.

मागच्या एका फायलीत तोच चेहरा होता. तीच टोपी, तेच कान, गालावर तोच ओरखडा. खाली नाव मात्र बार्शीकडच्या कुणा गृहस्थांचं. कंपनी तीच, औषध दुसरं, संधिवाताचं तेल. आणि तो अंक आईच्या जन्माच्याही आधीचा होता. आजोबांनी फोटो काढला तो आई जन्मल्यानंतर. म्हणजे कंपनीकडे एका चेहऱ्याचा छपाईचा ठसा तयार होता, आणि त्याखाली ते हवं ते नाव घालत होते. आमच्या भिंतीवरचे ते आजोबा नव्हते. गावाने आणि आजोबांनीही ते तेव्हाच ओळखलं असणार, पण आजीला कुणी सांगितलं नसेल.

मला कंपनीचा असा संताप आला! ती कधीच बुडाली असेल, मालकाची पणतवंडं परदेशात असतील, पण त्या दिवशी कुणी समोर आलं असतं तर मी सोडलं नसतं. आजोबा टोपी सरळ करून बसले होते आणि या लोकांनी त्यांचा फोटो कुठल्या तरी खणात टाकला.

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. सकाळी "बाबा, चहा" ऐकू आलं की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे. पण आईपासून लपवणं मला कधीच जमलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली, "साफ प्रत मिळाली नाय का?"

"नाही."

"मग तोंड का असं? लाल पेटीत टाकायचं असलं की तुझी भुवई वर जाते. काय सापडलं?"

मी मोबाइल दिला. तिने भिंग लावून सगळं वाचलं, संधिवाताच्या तेलासकट. मग भिंतीकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे बघितलं.

"संधिवात होता होय यांना," ती म्हणाली.

भिंग खाली ठेवून तिने विचारलं, "मग बाबांचा फोटो कुणाच्या नावाखाली छापला असंल गं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कुठल्या तरी पानावर, कुणाच्या तरी दम्याखाली किंवा खरजेखाली ते असतीलही. कदाचित मी त्यांना बघून पानसुद्धा उलटलं असेल. मी उठले आणि फ्रेमला हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली. "या माणसाला मी बाबा म्हटलंय. आता त्यांना खाली कसं उतरवायचं? चहा पितायत बिचारे रोज."

"आणि तू म्हणायचीस ते? वर गेल्यावर ओळखणार कसं?"

आई हसली. तिने गुडघ्यावरचं पातळ जरा सारखं केलं आणि दुखऱ्या वाटीवर हात फिरवला.

"मी नाय बघितलं त्यांना. पण त्यांनी बघितलंय ना मला, रांगताना. गुडघे आता असे झालेत की वर रांगतच जावं लागंल. लगेच ओळखतील."