बोंबील थांबले की

काल तव्यावर सुका बोंबील पडला आणि त्या वासासरशी मी शाळेच्या दिवसांतल्या वरोरच्या किनाऱ्यावर पोचले. तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेच्या एअर रायफल संघाची निवड होती, आणि सुरूच्या बनात लावलेल्या पुठ्ठ्यावर माझा एकही छर्रा काळ्या गोलात बसत नव्हता. मी डहाणूच्या रेल्वे कॉलनीतली, वास नको म्हणून नाकाला रुमाल बांधलेली. छर्रा डावीकडे गेला की नेम धरायच्या साईटचा स्क्रू उजवीकडे फिरवायचा, पुढचा उजवीकडे गेला की परत उलटा, असं तासभर चाललं. शेवटी "बंदूकच खराब आहे!" म्हणून मी वाळूत बसले. शेजारी बोंबील वाळत घालणारी मावशी मघापासून बघत होती. "तिला कशाला पिळतेस, पोरी? वारा बघ की." "वारा काय दिसतो?" मी फणकारले. तिने हनुवटीनेच दोरीकडे दाखवलं. जबड्यात जबडा अडकवून टांगलेले शेकडो बोंबील एका अंगाला झुलत होते. "हे थांबले की मार." मी स्क्रू मूळ खुणेवर आणला, रुमाल सोडला, गाल दस्त्याला टेकवला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बोंबलांकडे बघत राहिले. ते सरळ लोंबले, तसा श्वास रोखून चाप ओढला. गोलाच्या मधोमध भोक पडलं. मावशीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. काल स्वयंपाकघरात मी तशीच श्वास धरून उभी होते. "एवढा वास सोसत नाही तर खिडकी उघड ना," नवरा म्हणाला. मी नाही उघडली. वारा आत आला असता.