लोणारचा ज्वालामुखी

क्विझ या प्रकाराबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी त्यात लहानपणापासून जिंकत आले. शाळेत जिंकले, कॉलेजात जिंकले, पौर्णिमेच्या कार्यक्रमात विहारात जिंकले. नांदुऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीवरची पाच घड्याळं आहेत. पाचही बक्षिसाची, आणि पाचही वेगवेगळी वेळ दाखवतात. बक्षीस देणाऱ्यांना आमच्या ज्ञानात भर घालायची होती की दुकानात पडून राहिलेला माल खपवायचा होता, देव जाणे.

माझं ज्ञान म्हणजे काय होतं तेही ऐका. तंबोऱ्याला तारा चार, हे मला सहावीपासून पाठ. तंबोरा प्रत्यक्ष पाहिला तो नोकरी लागल्यावर, आणि तोही काचेच्या कपाटात, धूळ खात पडलेला. पहिला बोलपट कोणत्या साली आला हे मी झोपेतही सांगेन. कादंबऱ्यांची नावं, लेखकांची जन्मगावं, पुरस्कारांची वर्षं तोंडावर. त्यातली वाचलेली पुस्तकं मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजून एखादं बोट उरेल. भंगारवाल्याच्या गाड्यावर असतं तसं सगळं डोक्यात होतं, वापरायला एक वस्तू धड नाही. असल्या पोरीला लोक हुशार म्हणायचे आणि मी ते खरं मानायचे.

बाबांचा या सगळ्यावर फार विश्वास. ते शाळेत शिपाई होते, शिक्षण दहावीत सुटलेलं. बसस्टँडवर पिवळट कागदाची सामान्य ज्ञानाची पुस्तकं मिळायची, ती आणायचे आणि जेवताना मला प्रश्न विचारायचे. अंदाजाने ठोकलेलं उत्तर त्यांना खपत नसे. "येत नसन तं नाही म्हन माय," म्हणायचे, "पन खोटं नको सांगू."

आता लग्नाचं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिला प्रश्न विचारायचे ही जुनी रीत. नाव काय, शिक्षण किती, भाकरी थापता येते का. मुली शिकल्या तशी त्यात जनरल नॉलेजची भर पडली. ज्यांना आपल्या गावच्या सरपंचाचं नाव दोनदा आठवावं लागतं, ते पोहे चावत चावत मुलीला राज्यपालाचं नाव विचारतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते, वय अठ्ठावीस. पिंपळगाव राजाचे पाहुणे येऊन गेले. त्यांच्या आठही प्रश्नांची उत्तरं मी दिली आणि वर त्यांची एक चूक दुरुस्त केली. मध्यस्थाकडून निरोप आला, "पोरगी चांगली हाये, पन लय शहाणी हाये." शहाणी हा शब्द आमच्याकडे कोणत्या सुरात म्हटला यावर शिवी ठरतो.

पुढचं स्थळ साखरखेर्ड्याचं. मुलगा जालन्याला कंपनीत. आम्ही फोनवर चारदा बोललो होतो. तो स्वतःवर हसायचा, माझ्या वर्गातल्या पोरांच्या गमती विचारायचा आणि ऐकूनही घ्यायचा. मला तो आवडला होता, हे आता लपवण्यात काही अर्थ नाही. हे जुळावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि बाबांना तर माझ्याहून जास्त. रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"या टायमाले एखादं उत्तर चुकव माय," खाली पाहत म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झालेला मुख्याध्यापक घरातल्या घरात शाळा भरवतो, हे मला ऐकून माहीत होतं, त्या दिवशी पाहायला मिळालं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी बुशशर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. चार राउंड होतील म्हणाले. संगीत, चित्रपट, साहित्य, सामान्य ज्ञान. मुलाची आई कौतुकाने भावाकडे पाहत होती. मुलगा मोबाइलकडे.

तंबोऱ्याला तारा किती? चार. पहिला बोलपट कोणत्या साली? सांगितलं. ओवीला चरण किती? चार, शेवटचा आखूड म्हणून साडेतीनही म्हणतात. हा माणूस प्रत्येक उत्तरानंतर डोळे मिटून मान हलवायचा, जणू ते ज्ञान त्यानेच जन्माला घातलं होतं. आयुष्यात एक ओवी तरी याने गुणगुणली असेल का, असा विचार माझ्या मनात आला. मी तरी कुठे गुणगुणली होती म्हणा.

मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लोणारचं सरोवर कशामुळे तयार झालं?"

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न म्हणजे दोन अधिक दोन. पाचवीत असताना बाबांनीच मला एसटीने लोणारला नेलं होतं, काठावर उभं करून सगळं समजावलं होतं.

"उल्का पडून," मी म्हणाले.

"चूक," मामा म्हणाले. "ज्वालामुखीमुळे."

मला खरंच वाटलं की मी चुकीचं ऐकलं. साखरखेर्ड्याचा माणूस, लोणार याच्या घराहून फार तर तास-सव्वा तासावर, आणि हा ज्वालामुखी म्हणतो! मी शांतपणे सांगितलं, "नाही सर, पूर्वी तसं मानायचे. पण तिथले दगड तपासले आहेत. उल्काच."

"म्हणजे मी छत्तीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं?"

खोलीत पाच मोबाइल होते. कुणीही खिशात हात घातला असता, तर घोटभर चहा पिऊन होईपर्यंत निकाल लागला असता. मुलाच्या तर हातातच होता. त्याने तो पालथा करून मांडीवर ठेवला. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील.

बाबा बोललेच. "सर म्हनतात तं ज्वालामुखीच असंन," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "चुकलं म्हन माय."

मी म्हणाले, "हो सर, माझंच चुकलं."

मामा प्रसन्न झाले. चहाचा दुसरा कप मागितला.

पाहुणे गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन पेपर तपासायला बसले. आई बशा गोळा करता करता म्हणाली, "एक शबद गिळला तं पोट फुटलं का तुहं?" पोट फुटलं नव्हतं. पण राग असा आला होता की कुणाचा ते ठरवता येईना. मामांचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'हो सर' म्हणणाऱ्या बाईचा. हरणं मला नवीन होतं, पण हे हरणंही नव्हतं. हरलेल्या माणसाला निदान बरोबर उत्तर तरी कळतं.

संध्याकाळी मुलाचा मेसेज आला. 'मामाचं मनावर घेऊ नका. उल्केचं मलाही माहीत होतं.' पुढे एक हसरा चेहरा. मी तो मेसेज तीन-चारदा वाचला. माहीत होतं म्हणे! माहीत तर त्या खोलीत सगळ्यांनाच होतं. आईलाही होतं. फोनवर चारदा ऐकलेला तो आवाज मी आठवून पाहिला, आणि मला आता त्यात काहीच आवडेना. मी उत्तर दिलं नाही.

दोन दिवस गेले. बाबा जेवताना मान वर करत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी कॉलेजला निघत असताना, मामांचा फोन आला. आईला ऐकायचं होतं म्हणून बाबांनी स्पीकर लावला.

"मुलगी पसंत आहे," मामा म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला. "आणि आता सांगून टाकतो. लोणारचं मला माहीत नसेल का हो? पोरांच्या सहली नेण्यात जन्म गेला माझा. तो एक प्रश्न मी मुद्दाम तसा ठेवतो. पोरगी वाद घालते का ऐकून घेते, तेवढंच पाहायचं असतं. याच्या आधी दोघी भांडल्या माझ्याशी. तुमची चूप बसली. पास!"

आणि ते हसले. त्या छोट्या स्पीकरमधून ते हसणं खोलीभर झालं.

त्या दोघी कोण, कुठल्या, मला माहीत नाही. कधी भेटल्या तर त्यांच्यासमोर मान वर करायची माझी हिंमत होणार नाही. आयुष्यभर पहिला नंबर काढत आले आणि जिथे नापास व्हायला हवं होतं नेमकी तिथे पास झाले. मी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मी आता काहीतरी फार वाईट बोलणार होते, आई हाताने मला थांबवत होती.

बाबांनी फोन तोंडाजवळ नेला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मुख्याध्यापकांशी बोलताना असायचा तसा, खालचा.

"सर, पोरगी चूप नव्हती बसली," ते म्हणाले. "मी बसवली तिले."

"अहो, तेच तर म्हणतो मी, संस्कार..."

"तिले नापास लिवा," बाबा म्हणाले, आणि फोन बंद करायचं लाल बटण त्यांना दोनदा दाबावं लागलं.