बयाबाईंच्या हातचं

बयाबाईंच्या दारातून उपाशी परत गेलेला माणूस अख्ख्या इगतपुरी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. पोस्टमन असो, बांगड्यावाली असो, नाहीतर रस्ता चुकलेला कुणी. आधी जेवायला बसायचं, मग काय ते बोलायचं. अशा बाईच्या पोटच्या पोरानं, रेल्वेत नोकरी करणाऱ्या सोमनाथनं, २००३ साली काय करावं? धरणाच्या पाण्याला लागून त्यांचं दोन खोल्यांचं जुनं घर होतं. ते त्यानं रंगवलं, गॅस आणला, भांडी मांडली, आणि शहरातल्या लोकांना सुट्टीपुरतं भाड्यानं द्यायचं ठरवलं. दारावर पाटी ठोकली, 'स्वयंपाक स्वतः करावा.'

"पाहुणा आपल्या घरात येऊन सोता रांधणार?" बयाबाई कडाडल्या. "आन् मी काय मेले व्हय रे?"

"आई, लोकांना तसंच आवडतं आता. तू मधे मधे केलंस तर परत कुणी यायचं नाय. एक भाकरी पाठवायची नाय तिकडं. शपथ घे माझी."

घेतली बाईंनी शपथ, पण जीव तुटला. का, ते ऐका. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी गावात एक बुवा आले होते. नव्या सुनेनं हौसेनं पुरणपोळ्या केल्या. बुवांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "शिधा द्या," म्हणाले, आणि कोरडे डाळ-तांदूळ घेऊन आंब्याखाली तीन दगडांची चूल मांडली. बयाबाईंच्या हातचं त्यांना चालत नव्हतं! सतरा वर्षांची पोर भरलं ताट घेऊन उभी राहिली ती उभीच. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्या दारी येऊन जो स्वतः रांधतो, त्याला आपला हात चालत नाही.

पहिले पाहुणे आले नाशिकहून, तिथल्या द्वारका चौकाच्या बाजूचे. राज, त्याची बायको साधना आणि म्हातारी आई विमलाबाई. गाडीतून पीठ निघालं, तेल निघालं, आणि शेवटी मिठाची पुडीही निघाली.

"मीठबी घरचंच!" बयाबाई पुटपुटल्या. किल्ली हातात दिली आणि शेजारच्या आपल्या घरी तरातरा निघून आल्या. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तव्यावर नागलीची भाकरी टाकली, तोच दारात विमलाबाई. चोरासारख्या मागं वळून बघत होत्या.

"बाई, कालची शिळी भाकरी हाय का वो एखादी?"

"शिळी?"

"ताजी कुठल्या तोंडानं मागू? आमचा राज रांधतोय. आईला अन् बायकोला सुट्टी म्हणे! साधना बसलीय पाण्यात पाय सोडून. काल कसला तरी भात केला, आज शेवयांवर चीज ओतलंय. पोराचं मन मोडवत नाय, पण माझा जन्म मळ्यात गेला. भाकरीबिगर पोट भरतंय व्हय?"

बयाबाईंचा हात तव्यावरच थांबला. अहो, शिळी भाकरी परक्याकडे कुणी मागतं का? ती बहिणीकडे मागतात!

"माझ्या हातची चालंल तुमाला?"

"न चालायला काय झालं? तुमच्या हाताला काटे हायेत का?"

झालं! बयाबाई रडल्या काय, हसल्या काय, आणि रडता रडता बुवांची सगळी हकिगत सांगून मोकळ्या झाल्या.

"कच्चा भात खाल्ला असंल मेल्यानं," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या पुरणपोळीला मुकला, दुसरं काय!"

"शिळीबिळी काय मिळायची नाय," बयाबाईंनी दम भरला. "बसा गुमान." गरम भाकरी, वर खुरासणीची चटणी. विमलाबाईंनी तीन हाणल्या. पुढचे दोन दिवसही राजची पाठ वळली की त्या इकडे हजर. जाताना मिठाची पुडी बयाबाईंच्या हातात ठेवली. "पुढल्या बारीला मी मीठ आणायची नाय," म्हणाल्या.

सोमनाथला कळलं तेव्हा तो चिडला. "आई, माझी शपथ मोडलीस?"

"एक भाकरी पाठवली नाय मी. ती येऊन खाऊन गेली, त्याला मी काय करू?"

सोमनाथनं कपाळावर हात मारला. पण बाई तेवढ्यावर थांबतील कशा? त्याच्याच हातून त्यांनी पाटीवर आणखी एक ओळ लिहून घेतली, 'शिळी भाकरी शेजारी मिळेल.'

पाटी अजून आहे. शिळी भाकरी मात्र आजवर कुणालाच मिळालेली नाही. मागायला आलेल्याला बयाबाई बसवून घेतात आणि तवा ठेवतात.